आमच्या व्हॅनचा ज्वर

ज्वर हें लक्षण आहे, त्यालाच रोग समजून चालत नाहीं, ही गोष्ट आमच्या लहानपणीं घरोघरच्या आजीबाईंसही ठाऊक असे. मुलाचें अंग तापलेलें दिसलें म्हणजे त्या लगेच काढा उकळावयास घेत नसत. आधीं जीभ पाहात, पोट दाबीत, काल कोठें व काय खाल्लें याची उलटतपासणी करीत, ताप सकाळपासून आहे कीं संध्याकाळीं चढतो हें विचारून घेत, आणि मगच फडताळांतल्या पुड्यांकडे वळत. मोटारगाडीच्या बाबतींत मात्र चांगले शिकलेले लोकही ही रीत विसरतात, असा आमचा गेल्या कांहीं वर्षांचा अनुभव आहे. उष्णतेचा कांटा वर चढला कीं कोणी म्हणतो इंजिन बसलें, कोणी म्हणतो गाडी म्हातारी झाली, विकून टाका. आणि गाडीचा धनी बापडा या दोन मतांच्या मधोमध पैशाचें पाकीट हातांत धरून उभा राहतो.

या विषयावर लिहिण्याचा आम्हांस अधिकार काय, असा प्रश्न वाचकांनीं विचारल्यास तो वाजवी होईल. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें वाईस एका शास्त्र्यांजवळ थोडें व्याकरण आणि थोडा न्याय झाला, आणि उरलेला जन्म मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत गेला. इंजिनाच्या वाटेस आम्ही गेलों ते निवृत्तीनंतर. तथापि निदान ही वस्तु वैद्यांची असो, नैयायिकांची असो वा गॅरेजवाल्यांची असो, तिची जात एकच आहे, अशी आमची समजूत झाली आहे, आणि ती कशी झाली तेंच येथें सांगावयाचें आहे.

आमची गाडी म्हणजे १९९८ सालची मारुती ओम्नी. ही गाडी १९८४ सालीं नुसत्या मारुती व्हॅन या नांवानें बाजारांत आली, १९८८ सालीं तिला ओम्नी हें नांव मिळालें, आणि २०१९ सालीं तिचें उत्पादन थांबलें. तरी आमच्या वाई-सातारा भागांत ती अद्याप जागोजाग दिसते. कोठें शाळेचीं मुलें, कोठें भाजीच्या करंड्या, तर कोठें लग्नाच्या वाजंत्र्यांचे ढोल तिच्या सरकत्या दारांतून उतरत असतात. आम्हीं ती २०२१ सालीं एका दूधवाल्याकडून घेतली. तिचें इंजिन तीन सिलिंडरांचें, ७९६ घनसेंटिमीटरचें, आणि तें बसविलेलें आहे पुढच्या बैठकींच्या खालीं. त्यामुळें इंजिन तापलें म्हणजे तें कांट्याच्या आधीं चालकाच्या मांड्यांस कळतें. थंडींत ही शेगडी सुखाची वाटते. वैशाखांत तिचें वर्णन न केलेलें बरें.

गाडी तापल्याचें आम्हांस एवढें महत्त्व कां, तेंही सांगितलें पाहिजे. आमची वडील बहीण अक्का पांचगणीस राहते. वय ८१. तिच्या डोळ्याच्या पडद्यास सूज येते, आणि त्यावर महिन्यास एक इंजेक्शन साताऱ्यास घ्यावें लागतें. एखादा महिना चुकला तर अक्षरें वांकडीं दिसूं लागतात, दोन चुकले तर वाचन बंद. आणि अक्काचा वाचन हा एकच व्यापार आतां राहिला आहे. एस. टी. च्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांस होत नाहींत. भाड्याची मोटार दर महिन्यास करावी इतकी आमच्या निवृत्तिवेतनाची पोंच नाहीं. तेव्हां महिन्यांतून एक दिवस आम्ही सकाळीं वाईहून पसरणीचा घाट चढून तिला आणावयास जातों, साताऱ्यास नेतों, आणि संध्याकाळीं तिला पुन्हां घाट चढवून घरीं पोंचवितों. व्हॅन बंद पडणें याचा आमच्या घरांतील अर्थ एवढा आहे.

२०२४ च्या मे महिन्यांत अशाच एका संध्याकाळीं पांचगणीस अक्काच्या दारांत गाडी उभी करून आम्हीं किल्ली फिरविली, आणि बैठकीखालून सूं असा आवाज होऊन वाफेचा लोट बाहेर आला. अक्का म्हणाली, "अरे, उतरूं तरी दे मला, मग कुकर लाव." दुसरे दिवशीं गाडी कशीबशी वाईस आणली. एका ओळखीच्या गॅरेजवाल्यानें बॉनेट नसलेल्या या गाडीची बैठक उचलली, दोन मिनिटें आंत पाहिलें आणि निकाल दिला: "सर, गाडी पाणी खातीय. हेड गॅस्किट उडालंय. हेड उतरवून, घासून, सगळं मिळून बावीस हजार धरा." चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं फोनवरून सांगितलें, "बाबा, भंगारांत घाला. बावीस हजारांची तर ती गाडीही नाहीं." दोघांचें म्हणणें आपापल्या जागीं प्रामाणिक होतें, यांत शंका नाहीं.

न्याय शिकणाऱ्या पोरास पहिल्याच आठवड्यांत डोंगर, धूर आणि अग्नि यांची ओळख होते. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तेथें अग्नि आहे असें अनुमान करावयाचें. कारण जेथें धूर तेथें अग्नि, हें साहचर्य आपण स्वयंपाकघरांत पाहिलेलें असतें. परंतु त्याच पाठांत पुढें गुरुजी विचारतात कीं, डोंगरावर जें दिसलें तो धूरच कशावरून? पहाटेचें धुकें असेल, वाफ असेल, धुळीचा लोट असेल. आमच्या प्रकरणांत डोंगर पांचगणीचा होता, वाफ व्हॅनची होती, आणि गॅरेजवाल्यानें त्या वाफेवरून थेट अग्नि सिद्ध केला होता. गाडी तापते आणि पाणी खाते, हा त्याचा हेतु. आतां गॅस्केट गेलेल्या गाड्या तापतात व पाणी खातात हें खरेंच आहे. पण ज्यांचें झाकण निकामी झालें आहे, ज्यांचा पंप पाझरतो, ज्यांच्या रेडिएटरला बारीक छिद्र आहे, त्या गाड्याही नेमकें तेंच करतात. जो हेतु साध्य असलेल्या ठिकाणीं राहतो आणि नसलेल्या ठिकाणींही राहतो, त्यास आमच्या शास्त्रांत सव्यभिचार म्हणतात. अशा हेतूवर शाळेच्या परीक्षेंत गुण मिळत नाहींत. मग बावीस हजार रुपये कसे द्यावयाचे?

येथें इंजिनाच्या पाण्याची व्यवस्था थोडक्यांत सांगतों. पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यांतला ढोबळ मानानें तिसरा हिस्सा पाण्याबरोबर बाहेर न्यावा लागतो. पट्ट्यावर फिरणारा एक पंप हें पाणी इंजिनाच्या पोटांत खेळवितो. थर्मोस्टॅट नांवाचा द्वारपाळ पाणी सुमारें ८२ अंशांपर्यंत तापेतों वाट अडवून धरतो आणि मग तें पुढच्या रेडिएटरकडे सोडतो. तेथें बारीक नळ्यांतून उतरतांना पाणी वाऱ्यानें निवतें. गाडी उभी असली म्हणजे वारा नसतो, म्हणून विजेचा पंखा. तो पाणी ठराविक तापलें कीं आपोआप चालू होतो. आणि या सर्वांवर एक झाकण.

हें झाकण म्हणजे केवळ बूच आहे अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक तें कुकरच्या शिटीचें भावंड आहे. समुद्रसपाटीस उघडें पाणी १०० अंशांस उकळतें. वाई सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे. आमच्या चुलीवर पाणी साडेसत्याण्णवच्या आसपासच उकळूं लागतें. पांचगणी सुमारें १३०० मीटरवर. तेथें तेंच पाणी ९५-९६ अंशांस उकळेल. झाकणाची स्प्रिंग साधारण ०·९ किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब धरून ठेवते, त्यामुळें आंतलें पाणी पांचगणीसही ११५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. आतां झाकणाचें रबर कडक होऊन दाब सुटूं लागला असें समजा. सातारच्या सपाटीवर पाण्याचें उष्णतामान ९० च्या घरांत राहील, आणि कोणास कांहीं कळणार नाहीं. परंतु घाट चढून, तापून, तीच गाडी टेबललँडच्या पायथ्याशीं पोंचली म्हणजे नेहमींचें चढावरचें उष्णतामान आणि उकळण्याचें उष्णतामान यांच्यामध्यें दोनचार अंशांचेंच अंतर उरतें. त्यांत किल्ली बंद केली कीं पंप थांबतो, धातूंतली सांठलेली उष्णता जागच्या जागीं पाण्यांत उतरते, आणि दारांत कुकर लागतो. चढ संपल्यावर दोन मिनिटें इंजिन मंद चालूं देऊन मगच बंद करावें, असें जाणते लोक सांगतात तें याच कारणानें.

वैद्यकांत निदानाचीं पांच अंगें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे कारण, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. त्यांतील उपशय हें अंग आम्हांस फार आवडतें. रोगाचीं लक्षणें संदिग्ध असलीं तर एखादा सौम्य उपचार करून पाहावयाचा. त्यानें बरें वाटलें तर रोग कळला. उपचार स्वस्त असावा, आणि तो चुकल्यास रोग्याचें नुकसान होऊं नये, एवढीच अट. हेड उतरविणें हा या अर्थानें उपशय नव्हे. तें शस्त्रकर्म झालें.

म्हणून आम्हीं आधीं वही घातली. त्यापूर्वींच्या तीन फेऱ्या आठवून लिहिल्या, आणि गाडी सपाटीवर जपून चालवून आणखी कांहीं टिपणें केलीं. त्यांतून असें दिसलें कीं, साताऱ्याच्या बाजारांत गर्दींत उभें राहिलें असतां कांटा हालत नाहीं. पंखा वेळेवर घरघरतो. म्हणजे पंखा व त्याचा स्विच यांच्यावरचा आळ गेला, कारण पंख्याचा दोष असता तर गाडी उभी असतां तापली असती आणि चालतांना निवली असती. सकाळीं एकट्यानें घाट चढतांना कांटा मध्यावरून थोडा सरके. संध्याकाळीं अक्का, आमच्या सौ. आणि आठवड्याचा बाजार घेऊन चढतांना तो लाल खुणेकडे जाई. उतारावर लगेच खालीं. बॅटरीचा लाल दिवा कधींच लागला नाहीं, म्हणून पट्टा शाबूत; पंप व बॅटरीचें यंत्र एकाच पट्ट्यावर फिरतें, तेव्हां दिवा आणि कांटा दोन्ही एकदम बोलूं लागले तर प्रथम पट्टा पाहावा. पंपाखालीं कोरडें फडकें रात्रभर पसरून ठेवलें. सकाळीं तें कोरडेंच होतें.

मग एके दिवशीं पहाटे, रात्रभर निवलेल्या गाडीचें झाकण उघडलें. निवलेल्या गाडीचें असें मुद्दाम लिहितों. तापलेल्या गाडीचें झाकण उघडणें म्हणजे चढलेल्या कुकरचें झाकण फडक्यानें ओढण्यासारखें आहे. दाब जातांच शंभराच्या वर तापलेलें पाणी क्षणांत वाफ होऊन तोंडावर येतें, आणि असे भाजलेले लोक आम्हीं पाहिले आहेत. असो. झाकण उघडलें तों आंत पाणी तोंडाच्या बरेंच खालीं, जवळजवळ एक लिटर कमी. आणि शेजारची प्लास्टिकची बाटली मात्र कांठोकांठ भरलेली! येथें आम्ही थबकलों. पाणी इंजिनानें खाल्लें असतें तर बाटली भरली कोठून? पाणी खाल्लें गेलें नव्हतें, बाहेर जाऊन परत आलें नव्हतें. तापतांना पाणी फुगून झाकणावाटे बाटलींत जातें, निवतांना आंत पोकळी होऊन तेंच परत ओढलें जातें, अशी रचना असते. परतीच्या वेळीं झाकणाच्या कांठचें रबर हवा आंत घेऊं लागलें, तर बाटलींतलें पाणी बाटलींतच राहतें.

एवढ्यावर निकाल देणें घाईचें झालें असतें. अन्वय पाहिला, आतां व्यतिरेक पाहावयाचा. गॅस्केट गेलें असेल तर काय काय दिसावें? सिलिंडरांतला वायु पाण्यांत शिरेल, म्हणून थंड इंजिन चालू करतांच उघड्या तोंडांत बुडबुडे एकसारखे येत राहतील. वरचा होजपाइप पाणी तापण्याच्या आधींच दगडासारखा टणक होईल. पाणी तेलांत उतरलें असल्यास तेलाची पट्टी दुधाळ निघेल. सकाळीं पहिल्यांदा चालू करतांना एक सिलिंडर अडखळेल, आणि मागून पांढरी वाफ येत राहील. आम्हीं एकेक पाहिलें. बुडबुडे दोनचार आले व थांबले. पट्टीवरचें तेल काळसर, पण स्वच्छ. तिन्ही सिलिंडर पहिल्या हांकेस ओ देणारे. नंतर झाकण लावून, गाडी फिरवून, तापल्यावर जाड फडक्यानें वरचा होजपाइप दाबून पाहिला: पिकल्या केळ्यासारखा मऊ! गॅस्केट गेलेल्या गाडीचा होज टणक असावयाचा. आमचा, तापूनही, जेवढा टणक असावयास हवा तेवढाही नव्हता. म्हणजे दाब जास्त नव्हताच, दाब अजिबात नव्हता. गॅरेजवाल्याच्या अनुमानास याहून मोठा बाधक पुरावा आम्हांस सुचत नाहीं.

तरी खात्रीसाठीं साताऱ्यास एका ठिकाणीं निळ्या द्रवाची परीक्षा करविली. काचेच्या नळींत निळा द्रव घालून ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात व आंतली हवा त्यांतून ओढतात. जळलेल्या वायूंतला कार्बन डायॉक्साइड तींत असेल तर द्रव पिवळा पडतो. आमचा निळ्याचा निळाच राहिला.

नवें झाकण दोनशे रुपयांच्या आंत आलें. तें लावल्यापासून बाटलींतलें पाणी संध्याकाळीं वर, सकाळीं खालीं, असें भरतीओहोटीप्रमाणें जाऊं येऊं लागलें, आणि होज तापल्यावर अंगठ्यास विरोध करूं लागला. जूनच्या व जुलैच्या फेरीस कांटा मध्यावर. हा उपशय. चिरंजीवांस आम्हीं कळविलें, त्यांचें उत्तर एका शब्दाचें होतें: "पावसाळा."

आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य होतें. २०२५ च्या एप्रिलांत, कडक उन्हांत, भरल्या गाडीनें घाट चढतांना कांटा पुन्हां सरकूं लागला. पाणी मात्र थेंबभरही कमी होत नव्हतें. गॅरेजवाल्यास भेटल्यावर तो सहज म्हणाला, "सांगितलं होतं ना, सर?" परंतु पाणी कमी न होतां तापणें व पाणी घालवून तापणें हीं दोन भिन्न रूपें आहेत, आणि दोन भिन्न रूपांस एकच कारण जोडण्याची घाई करूं नये. वैद्य ज्यास द्वंद्वज ज्वर म्हणतात तसा हा प्रकार होता; एक दोष दूर झाल्यावर त्याच्या आड लपलेला दुसरा दिसूं लागला होता.

सपाटीवर ठीक, ओझ्यानें चढतांना ताप, पाणी भरपूर, पंखा नीट: या रूपावरून संशय रेडिएटरच्या पोटावर जातो. थोड्या कामास अर्ध्या नळ्या पुरतात, जास्त कामास पुरत नाहींत. परीक्षा साधी आहे. गाडी तापवून बंद करावी, पंख्याची वायर काढून ठेवावी, आणि तळहाताच्या पाठीनें रेडिएटरचा पृष्ठभाग जपून चांचपावा. पाणी सर्वत्र वाहात असेल तर उष्णता वरून खालीं सावकाश कमी होत जाते. आमच्या रेडिएटरच्या एका बाजूचा मोठा पट्टा, चांगला हातभर उंचीचा नसला तरी वीतभर, जवळजवळ गार होता. गार पट्टा म्हणजे तेथें पाणी पोंचतच नाहीं.

रेडिएटर उतरवून साताऱ्यास एका वृद्ध कारागिराकडे नेला. हा धंदा आतां अस्तास चालला आहे. नव्या गाड्यांचे अॅल्युमिनियम-प्लास्टिकचे रेडिएटर दुरुस्त करीत नाहींत, बदलतात. आमचा जुन्या पद्धतीचा, तांब्यापितळेचा निघाला. म्हाताऱ्यानें डाग तापवून वरची टाकी सोडविली, नळ्यांच्या तोंडांकडे पाहिलें आणि हंसून म्हणाला, "मास्तर, ह्यात पाणी न्हाई, अख्खी विहीर हाय." तांबडा गंज आणि पांढरें क्षार यांचा राप नळ्यांत जमून जवळजवळ तिसरा हिस्सा नळ्या बंद झाल्या होत्या. दूधवाल्यानें वर्षानुवर्षें विहिरीचें जड पाणी ओतलें असलें पाहिजे. कढईच्या बुडाशीं जसा पांढरा थर धरतो तसाच हा. फरक इतकाच कीं कढई घांसतां येते. म्हाताऱ्यानें प्रत्येक नळींतून चपटी पोलादी पट्टी फिरविली, टाकी पुन्हां डाग देऊन बसविली, हौदांत बुडवून हवा भरली आणि एकही बुडबुडा येत नाहीं हें आम्हांस वांकून पाहावयास लावलें. त्याच्या हाताकडे पाहात आम्ही दोन तास बसलों. ज्या ठिकाणीं डाग धरत नव्हता तेथें तो रागावत नसे. ती जागा पुन्हां घांसून पुन्हां तापवी. शाळेंत आमच्या अंगीं हा गुण किती होता, तें आमचे विद्यार्थी सांगतील.

बाहेरून रेडिएटरच्या पापुद्र्यांत किडे, धूळ आणि ऊंसाच्या पाचोळ्याची कुसळें भरलीं होतीं. तीं पाण्याच्या हलक्या धारेनें मागून पुढें धुवावीं; जोराची धार पापुद्रे दुमडते.

त्याच वेळीं थर्मोस्टॅटची पेटी उघडली, तों ती रिकामी! पूर्वीं केव्हां तरी कोणीतरी तो काढून टाकला होता. गाडी तापते म्हटलें कीं द्वारपाळालाच हांकलून द्यावयाचें, हा आपल्याकडील फार जुना उपाय आहे. त्यानें सपाटीवर पाणी अति थंड राहतें, पेट्रोल जास्त जळतें, इंजिन झिजतें. आणि घाटांत जो दोष असतो तो असतोच, फक्त थोडा उशिरां दिसतो. थंडीच्या सकाळीं कांटा अर्धा तास वरच येत नसे, त्याचें कारण आतां कळलें. नवा थर्मोस्टॅट आणून बसविण्याच्या आधीं आम्हीं तो स्वयंपाकघरांत तपासला. पातेल्यांत पाणी, पाण्यांत दोऱ्यानें टांगलेला थर्मोस्टॅट (तळास टेकूं देऊं नये), शेजारीं प्रयोगशाळेंतला तापमापक. ८१-८२ अंशांस त्याचें तोंड किलकिलें झालें, नव्वदीच्या पुढें चांगलें उघडलें, निवतांना पुन्हां मिटलें. सौ. नी हा प्रयोग शेवटपर्यंत पाहिला, आणि तें पातेलें पुन्हां दुधास वापरावयाचें नाहीं असा निर्णय दिला. तो आम्हीं मान्य केला.

पाणी भरण्याचेंही एक तंत्र आहे, आणि बैठकीखालीं इंजिन असलेल्या गाड्यांत त्यास फार महत्त्व आहे. लांब नळ्यांच्या वळणांत हवा अडकून राहते; जेथें हवा तेथें पाणी नाहीं, आणि जेथें पाणी नाहीं तेथें धातु भाजतो. म्हणून गाडी पुढचें तोंड वर येईल अशी चढावर लावावी, झाकण काढून सावकाश भरावें, इंजिन मंद चालवावें, थर्मोस्टॅट उघडून पातळी एकदम खालीं गेली कीं पुन्हां भरावें, बुडबुडे थांबेपर्यंत थांबावें. आम्हीं कूलंट आणि शुद्ध केलेलें पाणी निम्मेंनिम्म घातलें. कूलंटमधील एथिलीन ग्लायकॉल उकळण्याचा अंश वाढवितें, आणि त्यांतले इतर पदार्थ गंज रोखतात. मात्र तें चवीस गोड आणि अत्यंत विषारी असतें. सांडलें तर लगेच धुवावें, डबा मुलांच्या व मांजरांच्या वाटेंत ठेवूं नये.

आणखी एक गोष्ट, कारण तीं ऐकून पुष्कळांस नवल वाटलें. तापत असलेल्या गाडीचा कांटा अचानक खालीं आला तर हायसें वाटून पुढें जाऊं नये. कांट्याचा संवेदक पाण्यांत बुडालेला असतो. पाणीच संपलें तर तो कोरडा पडून थंड सांगूं लागतो. सन्निपातांत ताप एकाएकीं उतरून अंगास गार घाम सुटतो, त्यांतला हा प्रकार. या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा व वरचें हेड अॅल्युमिनियमचें. अॅल्युमिनियम उष्णतेनें जास्त फुगतें. अशा स्थितींत चारदोन किलोमीटर पुढें रेटलें तर हेड वांकतें, आणि मग गॅरेजवाल्याचे बावीस हजार खरेच ठरतात. आमच्या गाडीचें गॅस्केट शाबूत राहिलें, याचें कारण वाफ दारांत निघाली, घाटाच्या मध्यावर नव्हे, हेंही नाकारतां येत नाहीं.

सर्व मिळून खर्च, झाकण, थर्मोस्टॅट, होज, कूलंट आणि म्हाताऱ्याची मजुरी धरून, चार हजारांच्या आंत आला. २०२५ च्या मेमध्यें आम्हीं अक्काला घेऊन दुपारीं अडीच वाजतां, म्हणजे उन्हाच्या ऐन भरांत, मुद्दाम घाट चढलों. सौ. मागें, बाजार मागें, आणि अक्का पुढें आमच्या शेजारीं, कांट्यावर नजर ठेवून. औषध घातलेल्या डोळ्यावर पट्टी होती, तरी दुसऱ्या डोळ्यानें ती तो वाचीत होती. नागेवाडीच्या नव्हे, वरच्या वळणांवर तो मध्याच्या केसभर पुढें गेला आणि तेथेंच राहिला. पांचगणीच्या नाक्यावर ती म्हणाली, "आतां बोलायला हरकत नाहीं ना?" सबंध घाटभर ती गप्प बसली होती.

दारांत आम्हीं नेहमींप्रमाणें दोन मिनिटें इंजिन चालूं ठेवलें. तेवढ्या वेळांत अक्कानें फाटक उघडलें.

अक्षरें सध्यां सरळ दिसतात असें ती सांगते. पुढचें इंजेक्शन येत्या गुरुवारीं आहे. पट्टा थोडा सैल वाटतो. तो बुधवारीं ताणून घ्यावयाचा आहे.